चौदा कॅरेटचा कायदा

१९६२ च्या नोव्हेंबर-डिसेंबरात देशभर बायकांनी अंगावरचं सोनं उतरवून राष्ट्रीय संरक्षण निधीत टाकलं. चीनचं सैन्य सीमेवरून खाली उतरलं होतं, जवानांना थंडीचे कपडे पुरत नव्हते, आणि गावोगावच्या सभांमध्ये कोणी पाटली देत होतं, कोणी कानातलं, कोणी नुसती वेढणी. त्यासाठी कोणी कोणाला नोटीस बजावली नव्हती. यानंतर काही आठवड्यांतच, १९६३ च्या जानेवारीत, अर्थमंत्री मोरारजी देसाई यांनी भारत संरक्षण नियमांचा आधार घेऊन सुवर्ण नियंत्रण लागू केलं. यापुढे कोणताही नवा दागिना चौदा कॅरेटपेक्षा जास्त शुद्ध घडवायचा नाही. दागिन्यांखेरीज घरात जे सोनं असेल, लगड, बिस्कीट, नाणं, ते सरकारला कळवायचं. सराफानं परवान्याशिवाय व्यवहार करायचा नाही.

हात पसरला तेव्हा मोकळ्या मनानं देणारा समाज हुकूम निघताच लपवायला लागला. तेच लोक, तेच सोनं, तेच सरकार. मधे गेले ते फक्त काही आठवडे. पुढची सत्तावीस वर्षं हे नियंत्रण या ना त्या रूपात चाललं. त्यात लाखो सोनार देशोधडीला लागले, पश्चिम किनाऱ्यावर तस्करीचा एक पूर्ण धंदा उभा राहिला, आणि ज्या परकीय चलनासाठी हा खटाटोप होता ते काही वाचलं नाही. सोन्याची भूक कमी करायला निघालेल्या कायद्यानं भूक होती तशीच ठेवली. बदलले ते वाढणारे हात.

हिशेब चुकला कुठे

मोरारजींच्या बाजूनंही बोललं पाहिजे, कारण त्यांचं तर्कशास्त्र वेडगळ नव्हतं. देशाकडे परकीय चलन तोकडं होतं. धान्य बाहेरून आणायचं होतं, यंत्रं आणायची होती, आणि आता शस्त्रंही. सोन्याच्या आयातीवर १९४७ पासूनच निर्बंध होते, तरी सोनं येतच होतं. जगाच्या बाजारात त्याचा भाव औंसाला ३५ डॉलर बांधलेला होता. तेव्हाच्या विनिमय दरानं दहा ग्रॅमला ५३ रुपये ५८ पैसे. मुंबईत मात्र त्याच दहा ग्रॅमला शंभरावर रुपये पडत होते. ही तफावत खिशात घालायला कोणीही पुढे येईल, आणि येतच होता. गोवा पोर्तुगिजांकडे होता तोवर तिथे उतरलेलं सोनं वेशीवरून आत झिरपत असे. आखाती देशांत तर भारतीय रुपयाच चालायचा. तिथल्या व्यापाऱ्याला सोनं विकून भारतीय नोटा घ्यायच्या आणि त्या रिझर्व्ह बँकेकडून पौंडांत बदलून घ्यायच्या, इतकं ते सोपं होतं. म्हणजे तस्करीच्या सोन्याचे पैसे अखेर रिझर्व्ह बँकच चुकते करत होती. ते भोक बुजवायला १९५९ साली सरकारला आखातासाठी निराळ्या रंगाच्या, झेड अक्षरापासून क्रमांक सुरू होणाऱ्या खास नोटा काढाव्या लागल्या. त्या भारतात चालत नसत.

एक वाट बुजली, बाकीच्या उघड्या राहिल्या. तेव्हा अर्थखात्यानं मागणीच्या मुळावर घाव घालायचं ठरवलं. त्याआधी नोव्हेंबर १९६२ मध्ये सुवर्णरोखे काढून झाले होते: पंधरा वर्षांची मुदत, साडेसहा टक्के व्याज. पण सोनं मोजून घ्यायचं ते आंतरराष्ट्रीय भावानं, म्हणजे दहा ग्रॅमला त्याच ५३ रुपये ५८ पैशांनी. बाजारात दुप्पट किंमत मिळणारी वस्तू लोकांनी देशप्रेमापोटी निम्म्या भावात द्यावी, अशी ही योजना. देशाच्या घराघरांत काही हजार टन सोनं असावं असा अंदाज असताना जमा झालं ते सुमारे सोळा टन. मग आलं चौदा कॅरेट. दागिना मिश्र झाला की लोकांचा जीव त्यावरून उडेल, मागणी घटेल, भाव उतरेल, आणि तस्कराला परवडेनासं होईल, अशी साखळी मांडलेली होती.

या साखळीची पहिलीच कडी कच्ची होती. खेड्यातल्या बाईला बँक दिसत नव्हती, विम्याचा एजंट क्वचित दिसत होता, जमीन तिच्या नावावर नव्हती. स्त्रीधन म्हणून जे काही तिचं होतं ते अंगावर होतं. दुष्काळात, आजारपणात, नवरा गेल्यावर, मुलाच्या शिक्षणाला, ते कुठल्याही गावच्या सराफाकडे नेऊन तासाभरात पैसे करता येत. या गुणाचं मोल शुद्धतेत आहे. बावीस कॅरेटमध्ये चोवीस भागांपैकी बावीस भाग सोनं, म्हणजे साधारण ९१.६ टक्के, चौदा कॅरेटमध्ये जेमतेम ५८.३. सरकारच्या लेखी हा दागिना होता. तिच्या लेखी ती ठेवपावती होती, आणि ठेवपावतीत चाळीस टक्के तांबं-चांदी मिसळून घ्यायला कोणीच राजी होत नाही.

दुसरी गोष्ट साध्या बेरीज-वजाबाकीची. देशात सोनं निघत होतं ते मुख्यतः कोलारच्या खाणींतून. साठच्या दशकाच्या सुरुवातीला वर्षाला पाच टनांच्या आसपास, आणि पुढे ते घटतच गेलं. तेही सरकारकडे जायचं. आयात बंद. म्हणजे लग्नसराईत जुना दागिना मोडून नवा केला नसेल, तर नव्या दागिन्यातलं सोनं चोरवाटेनंच आलेलं असणार. कायद्यानं नवरीच्या बापासाठी कायदेशीर असा दरवाजाच ठेवला नव्हता. एखाद्याला गुन्हेगार व्हायचं नसतं, तरी त्याला गुन्ह्याच्याच बाजारातून माल घ्यावा लागतो, तेव्हा कायद्याचा धाक मरतो. मग तो दुसऱ्या कुठल्या कायद्याच्या कामीही येत नाही.

बागेसरी थंडावली

नियमाचा पहिला तडाखा बसला तो ज्याच्याकडे साठवलेलं सोनं जवळजवळ नव्हतंच त्याला. गावचा सोनार बहुधा दुसऱ्याचं सोनं घेऊन मजुरीवर घडवून देतो. त्याची मालमत्ता म्हणजे बागेसरी ही शेगडी, फुंकणी, ऐरण, सांडशी, मूस, तार ओढायचं जंतर आणि कसोटीचा दगड. त्याचं कसब हाताला ठाऊक असलेल्या धातूत असतं. बावीस कॅरेटचं सोनं मऊ; ते ठोकून पत्रा होतं, ओढून केसाइतकी तार होते. ठुशीचे मणी, कोल्हापुरी साजाची पानं, पोहेहाराच्या नाजूक पट्ट्या या त्या मऊपणाच्या जोरावर निघतात. चौदा कॅरेटची मिश्र धातू कडक. ठोकताना ती लवकर ताठरते, पुन्हापुन्हा तापवून नरम करावी लागते, नाही तर तडकते. जोडाला लागणारा डाक निराळा, रंग निराळा, तकाकी निराळी. पिढ्यान्‌पिढ्या जे हातानं शिकलं ते एका अधिसूचनेनं निकामी ठरलं. आणि ते नव्यानं शिकून घ्यावं असं गिऱ्हाईकही समोर नव्हतं, कारण चौदा कॅरेट कोणाला हवंच नव्हतं.

कोल्हापूरची गुजरी, पुण्याची सराफी पेठ, जळगावचा सराफ बाजार, मुंबईतला झवेरी बाजार: पेढी असलेला सराफ तगून राहिला. त्याच्याकडे जुना माल होता, ओळखी होत्या, वकील होता. बसकण मारून काम करणाऱ्या कारागिराकडे यातलं काहीच नव्हतं. लाखो सोनार बेकार झाले. त्यांच्या आत्महत्यांच्या बातम्या वृत्तपत्रांत येऊ लागल्या, संसदेत गदारोळ झाला. सरकारनं मग पुनर्वसनाच्या योजना काढल्या. विस्थापित सोनार असा एक वर्गच सरकारी कागदांवर जन्माला आला. कर्जं, नोकरभरतीत वयाची सवलत, मुलांच्या फीची माफी. घडवणाऱ्या हातांना कारकुनी देऊ करणं, याला पुनर्वसन म्हणायचं. सोनाराच्या पाठोपाठ त्याच्यावर जगणारे गेले. पॉलिशवाले होते, ठसे कोरणारे होते, आणि झारेकरी होते. दुकानातला केरकचरा आणि भट्टीची राख विकत घेऊन ती धुऊन त्यातला सोन्याचा कण वेचणारा झारेकरी हा सुवर्णव्यवसायाचा शेवटचा, सर्वांत गरीब भागीदार. दिल्लीत चौदा कॅरेटचा मसुदा लिहिणाऱ्यांच्या हिशेबात तो कुठे असणार?

वर्ष उलटायच्या आत सरकारला माघार घ्यावी लागली. गिऱ्हाइकानं स्वतःचा जुना दागिना आणला तर तो मोडून तितक्याच शुद्धतेचा नवा करून द्यायला सोनाराला मुभा मिळाली. माणुसकीच्या दृष्टीनं हे योग्यच होतं, पण त्यातून पळवाटही निघाली. बावीस कॅरेटचा प्रत्येक नवा दागिना आता कागदावर कोणाच्या तरी आजीच्या मोडीतून जन्मू शकत होता, आणि कालच किनाऱ्यावर उतरलेल्या बिस्किटालाही आजी मिळू शकत होती. १९६६ च्या अखेरीस चौदा कॅरेटची अट गेली. नियंत्रण गेलं नाही.

घरातली लगड

१९६८ साली सुवर्ण नियंत्रण कायदाच झाला. मोरारजी तेव्हा उपपंतप्रधान होते आणि अर्थखातं पुन्हा त्यांच्याकडे होतं. आता शुद्धतेवर बंधन नव्हतं. सगळा भर नोंदीवर आणि ताब्यावर होता. व्यक्तीकडे दोन किलोंपेक्षा आणि कुटुंबाकडे चार किलोंपेक्षा जास्त दागिने असतील तर जाहीर करा. सराफाला परवाना, सोनाराला प्रमाणपत्र. प्रत्येक ग्रॅम कुठून आला, कुठे गेला, याची ठरावीक नमुन्यांतली रजिस्टरं.

आणि मुख्य कलम प्राथमिक सोन्याचं. वितळवलेलं, अजून दागिना न झालेलं सोनं म्हणजे लगड, कांब, पत्रा, बिस्कीट, तार हे सामान्य नागरिकानं जवळ बाळगणंच गुन्हा. याचा व्यवहारात अर्थ असा की, तुटकी बांगडी घरात असणं कायदेशीर; तीच बांगडी वितळवून तिचा गोळा कपाटात ठेवला तर तो जप्तीला पात्र. सोनाराचं सगळं काम या दोन अवस्थांच्या मधे चालतं. मुशीतून निघालेला रस गिऱ्हाइकाच्या नावे आहे, वजन रजिस्टरात चढलं आहे, घट वजा झाली आहे, हे सगळं तपासनीस दारात उभा राहील त्या क्षणी जुळलं पाहिजे. ओढताना, घासताना, जाळात थोडं सोनं जातंच. हा धंद्याचा स्वभाव आहे. रजिस्टराच्या भाषेत मात्र ती तूट होती, आणि तूट म्हणजे संशय. नोंदींतल्या फरकांवरून झालेल्या जप्त्या आणि दंडांची प्रकरणं पुढे वर्षानुवर्षं न्यायालयांत रेंगाळत राहिली. सर्वोच्च न्यायालयानं १९६९ मध्ये हरकचंद बांठिया खटल्यात कायदा एकंदर टिकवला, पण परवान्यांचे मोघम निकष आणि आणखी काही कलमं घटनाबाह्य ठरवून रद्द केली.

इथे नियंत्रणाचं अंगभूत व्यंग दिसतं. कायदा अंमलात आणणाऱ्याला सापडतो तो पत्ता असलेला माणूस. ज्याच्या दुकानाला पाटी आहे, जो रजिस्टर लिहितो, जो दर वर्षी नूतनीकरणाला येतो, त्याच्याकडे निरीक्षक कधीही जाऊ शकतो. ज्याला पाटी नाही, रजिस्टर नाही, नावही खरं नाही, त्याला शोधायला खबऱ्या लागतो, होडी लागते, नशीब लागतं. त्यामुळे नियम जितका कडक, तितका प्रामाणिक माणूस महाग पडतो आणि बेइमान माणूस स्वस्त. पुढचं काम बाजार करतो.

दहा तोळ्यांचं बिस्कीट

तस्करीच्या सोन्याचं चलन होतं दहा तोळ्यांचं बिस्कीट. वजन साधारण ११६.६ ग्रॅम, मुठीत मावणारं, युरोपातल्या रिफायनरीचा शिक्का असलेलं. दुबईत ते घेणं पूर्ण कायदेशीर होतं. तिथून ते लाकडी गलबतात चढायचं, आणि कॅनव्हासच्या जॅकेटांना शिवलेल्या कप्प्यांत बसून किनाऱ्याला यायचं. खोल समुद्रात मासेमारीची होडी गाठायची, अंधार साधून खाडीत शिरायचं. या कामाला किनाऱ्यावर एकच शब्द, लँडिंग. डहाणूपासून रत्नागिरीच्या खालीपर्यंत पसरलेला, खाड्यांनी चिरलेला कोकणकिनारा त्यासाठी घडवून ठेवल्यासारखा होता. वर दमण, खाली गोवा.

पैसे परत जायचे त्या वाटाही तितक्याच मजेशीर. आखातात राबणाऱ्या मजुराची कमाई हवाल्यानं इथे रुपयांत पोचायची, आणि त्याचं परकीय चलन तिकडेच सोन्याच्या खरेदीत मुरायचं. निर्यातीची बिलं कमी किमतीची लावून फरक बाहेर ठेवला जायचा. साठ-सत्तरच्या दशकांत तर भारतातून चांदी चोरून बाहेर जायची आणि तिच्या मोबदल्यात सोनं आत यायचं. ज्या परकीय चलनाचं रक्षण करायला कायदा आला, ते रिझर्व्ह बँकेच्या दारापर्यंत पोचेनासंच झालं.

या धंद्यानं मुंबईला तिचे पहिले मोठे स्मगलर दिले. हाजी मस्तान गोदीत हमाल म्हणून आला होता. सत्तरच्या दशकात पांढऱ्या कपड्यांतला, मर्सिडीजमधला मस्तान शहराला मंत्र्यांइतका परिचित होता. 'दीवार'मधल्या नायकावर त्याची छाया असल्याचं सगळेच मानत आले. स्मगलर पडद्यावर नायक होऊ शकला, याचं कारण प्रेक्षकाला त्याच्या गुन्ह्याचा राग येत नव्हता. ज्याच्या मालातून आपल्या बहिणीचं मंगळसूत्र झालं, त्याला कोण दरोडेखोर म्हणणार?

१९७४ मध्ये आधी मिसा या स्थानबद्धतेच्या कायद्याखाली आणि मग खास त्यासाठी केलेल्या कॉफेपोसा कायद्याखाली बडे तस्कर स्थानबद्ध झाले. आणीबाणीत पकड आणखी आवळली. तस्करी खरोखर उतरली. पण त्याच सुमारास जगात सोन्याचा भाव ३५ डॉलरचं दावं तोडून कित्येक पटींनी वर गेला होता, आणि देशातल्या-बाहेरच्या भावातली तफावत आटली होती. तुरुंगाला श्रेय मिळालं. त्यातला मोठा वाटा गणिताचा होता. १९७७ मध्ये सुटून आल्यावर मस्तानसह काहींनी जयप्रकाश नारायण यांच्यासमोर धंदा सोडल्याची शपथ घेतली. तफावत परत रुंदावली तशी त्यांची जागा घ्यायला नवे लोक तयारच होते.

एक नोंद आवर्जून करायला हवी. १९७८ मध्ये पंतप्रधान होते मोरारजी देसाई. त्यांच्याच सरकारनं भाव आणि तस्करी रोखण्यासाठी सरकारी साठ्यातलं सोनं लिलावानं बाजारात आणलं. सुमारे तेरा टन विकून काही महिन्यांत लिलाव थांबले. पुरवठा वाढवल्याशिवाय चोरवाट बंद होत नाही, हे तत्त्व पंधरा वर्षांनी त्यांच्याच हातून मान्य झालं. मात्र तेरा टनांनी ती तहान भागणार नव्हती.

समाजवादी प्राध्यापकाची कात्री

सुवर्ण नियंत्रण कायद्याची गाठ अखेर कोकणच्या खासदारानं सोडवली. मधु दंडवते राजापूरचे खासदार, पेशानं पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक, पक्के समाजवादी. खुल्या बाजाराचे भाट त्यांना कोणीच म्हटलं नसतं. विश्वनाथ प्रताप सिंह सरकारचे अर्थमंत्री म्हणून मार्च १९९० च्या अर्थसंकल्पात त्यांनी हा कायदा रद्द करायचं जाहीर केलं आणि जूनमध्ये तो संपला. तस्करी थांबली नाही आणि छळ मात्र कारागिराचा झाला, हा त्यामागचा सरळ विचार होता. नियंत्रणं उठवणं हा उजव्यांचा कार्यक्रम आणि लादणं हा डाव्यांचा, अशी वाटणी करून बसलेल्यांनी हे पान उघडून पाहावं. गरीब कारागिराची बाजू घ्यायची तर कायदा काढावा लागतो, हे एका समाजवाद्याला कळलं होतं.

लगेच पुढच्या वर्षी या कहाणीनं एक विलक्षण वळण घेतलं. १९९१ च्या मे महिन्यात परकीय चलनाची गंगाजळी आटली तेव्हा सरकारनं तस्करांकडून जप्त झालेल्या साठ्यातलं वीस टन सोनं स्टेट बँकेमार्फत परदेशात विकलं, पुन्हा खरेदीच्या बोलीवर, आणि सुमारे वीस कोटी डॉलर उभे केले. जुलैत रिझर्व्ह बँकेचं जवळपास ४७ टन सोनं बँक ऑफ इंग्लंड आणि बँक ऑफ जपानकडे तारण गेलं. परकीय चलन वाचवायला ज्या सोन्याला बंदी होती, त्याच बेकायदा सोन्यानं देशाला हप्ता चुकवण्यापासून वाचवलं.

१९९२ च्या अर्थसंकल्पात मनमोहन सिंग यांनी परदेशातून येणाऱ्या भारतीयाला पाच किलोंपर्यंत सोनं आणायची परवानगी दिली. शुल्क परवडण्याजोगं ठेवलं. पुढे बँकांना आयातीची मुभा मिळाली. सत्तावीस वर्षं छाप्यांनी आणि रजिस्टरांनी जे साधलं नव्हतं, ते परवडणाऱ्या शुल्कानं काही वर्षांत साधलं: सोनं विमानतळाच्या लाल मार्गिकेतून, पावती फाडून यायला लागलं. सरकारला महसूल मिळाला, सोनाराला उजळ माथ्यानं कच्चा माल मिळाला, आणि बिस्किटाच्या तस्कराचा नफा वितळला.

पण वाटा अशा एका रात्रीत बुजत नाहीत. वर्षानुवर्षं वापरलेली खाडी, भरवशाचे तांडेल, माल वाहणारे ट्रक, ठरलेला हप्ता घेणारे सीमाशुल्क आणि पोलीस खात्यांतले लोक, हे सगळं जागच्या जागी होतं. सोनं कमी झालं तरी चांदी उतरत होती. १९९३ च्या जानेवारी-फेब्रुवारीत याच यंत्रणेतून रायगड जिल्ह्यात, दिघी आणि शेखाडीच्या किनाऱ्यावर शस्त्रं आणि आरडीएक्स उतरलं. १२ मार्चला मुंबईत बॉम्बस्फोटांत २५७ माणसं मेली. पुढे खटल्यात समोर आलं ते असं की, वाटेत माल अडवणाऱ्या पोलिसांनी लाच ठरवली आणि रोकड येईपर्यंत हमी म्हणून चांदीच्या विटा ठेवून घेतल्या. सीमाशुल्क अधिकारी दोषी ठरले, पोलीसही ठरले. बॉम्बस्फोट सुवर्ण नियंत्रणामुळे झाले असं म्हणणं आचरटपणा ठरेल. त्यांची कारणं आणि त्यांचे सूत्रधार वेगळे. पण मालाकडे डोळेझाक करायची सवय या किनाऱ्याला कशानं लावली, हे विचारताना सोन्याची तीन दशकं वगळता येणार नाहीत. तफावतीवर पोसलेली चोरवाट फक्त सोन्यासाठी राखीव राहत नाही.

पुन्हा तेच, थोड्या बऱ्या इंग्रजीत

इतकं सगळं झाल्यावर धडा पक्का झाला असेल, असं वाटावं. २०१२-१३ मध्ये चालू खात्यातली तूट सकल देशांतर्गत उत्पादनाच्या ४.८ टक्क्यांवर गेली आणि अर्थमंत्री पी. चिदंबरम यांनी लोकांना सोनं घेऊ नका अशी विनवणी केली. विनवणी चालली नाही तेव्हा शुल्क वाढलं. जानेवारी २०१३ मध्ये सहा टक्के, जूनमध्ये आठ, ऑगस्टमध्ये दहा. जुलैत रिझर्व्ह बँकेनं ८०:२० चा नियम काढला: आणलेल्या प्रत्येक खेपेतलं वीस टक्के सोनं निर्यातीसाठी राखल्याशिवाय पुढची खेप नाही.

आकडा सुधारला, हे मान्य केलं पाहिजे. पुढच्या वर्षी तूट १.७ टक्क्यांवर आली आणि त्यात सोन्याच्या घटलेल्या आयातीचा मोठा हात होता. संकटाच्या काही महिन्यांपुरता असा दट्ट्या उपयोगी पडतो, हे चिदंबरम यांच्या बाजूचं खरं बलस्थान. पण घटली ती नोंदलेली आयात. विमानतळांवर पकडलेलं सोनं त्याच काळात कित्येक पटींनी वाढलं. ते मिक्सरच्या मोटारीत आलं, विमानाच्या शौचालयात दडवलेलं आलं, लेप करून कमरपट्ट्यात आणि पोटातल्या कॅप्सुलांत आलं. बिस्किटं आणणाऱ्या गलबतांची जागा कमिशनवर तिकीट मिळणाऱ्या गरजू तरुण-तरुणींनी घेतली. ८०:२० चा नियम नोव्हेंबर २०१४ मध्ये गेला. शुल्क राहिलं, आणि २०२२ मध्ये ते पंधरा टक्क्यांपर्यंत चढलं. त्या वेळी संयुक्त अरब अमिरातींशी झालेल्या व्यापार करारात प्लॅटिनमच्या मिश्रधातूला सवलत होती, आणि मिश्रधातूत प्लॅटिनम दोन टक्के असलं तरी पुरत होतं. मग उरलेलं सगळं सोनं असलेलं 'प्लॅटिनम' देशात येऊ लागलं. १९६३ साली सोन्यात तांबं मिसळा असा हुकूम होता. साठ वर्षांनी व्यापारी हौसेनं प्लॅटिनम मिसळू लागले. दोन्ही वेळा मिश्रण ठरवलं ते नियमानं.

जुलै २०२४ मध्ये निर्मला सीतारामन यांनी शुल्क पंधरावरून सहा टक्क्यांवर आणलं. किलोला सत्तर लाखांच्या भावानं तस्कराचं कमाल आमिष साडेदहा लाखांवरून सव्वाचार लाखांच्या आसपास उतरलं. त्यानंतर २०२५ मध्ये दहा ग्रॅमचा भाव लाखापलीकडे गेला, आणि किलोला सव्वा कोटी धरले तर तेच सहा टक्के पुन्हा साडेसात लाख होतात. टक्केवारी कागदावर स्थिर राहते. चोरवाटेनं येणाऱ्याला दिसतात ते रुपये.

शिक्का आणि बंदी

यावरून सगळेच नियम वाईट असा निष्कर्ष काढणं सोपं आहे आणि चूकही. हॉलमार्कचं उदाहरण शेजारीच आहे. दागिन्याच्या शुद्धतेवर भारतीय मानक ब्यूरोचा शिक्का २००० पासून ऐच्छिक होता. जून २०२१ पासून तो टप्प्याटप्प्यानं सक्तीचा झाला. सराफांनी कुरकुर केली, लहान गावांत तपासणी केंद्रं लांब म्हणून अडचणीही आल्या. तरी या सक्तीनं चोरबाजार फुलला नाही. हा नियम गिऱ्हाइकाला त्याच्या इच्छेविरुद्ध काही करायला सांगत नाही. बावीस म्हणून विकलेलं बावीसच आहे का, एवढंच तो विचारतो. गिऱ्हाईक नियमाच्या बाजूनं उभं असतं, आणि धनत्रयोदशीला दुकानात भिंग मागून शिक्क्याचा क्रमांक बघणारी आजी ही त्याची बिनपगारी निरीक्षक असते. १९६३ च्या नियमाची तऱ्हा उलटी होती. त्यात विकणारा आणि घेणारा दोघंही एका बाजूला होते आणि निरीक्षक एकटा दुसऱ्या. ज्या व्यवहारातल्या दोन्ही पक्षांना तो व्यवहार हवा आहे, तिथे तक्रार करायला कोणी येत नाही. आणि पावतीच नसल्यामुळे फसलेलं गिऱ्हाईकही चौकीवर जाऊ शकत नाही.

आणखी एक गंमत पाहा. आज मुंबई-पुण्यातल्या दुकानांत चौदा आणि अठरा कॅरेटचे हिऱ्यांचे दागिने काचेच्या कपाटात मांडलेले असतात आणि तरुण मुली ते हौसेनं घेतात. कडक धातूत खडा घट्ट बसतो. भाव आभाळाला भिडल्यावर जुलै २०२५ मध्ये मानक ब्यूरोनं नऊ कॅरेटलाही हॉलमार्कच्या यादीत घेतलं, म्हणजे फक्त ३७.५ टक्के सोनं. मोरारजींनाही इतकं धाडस झालं नव्हतं. कोणाची बागेसरी थंडावली नाही, कोणी समुद्रात उतरलं नाही. बँकेत खातं आहे, म्युच्युअल फंडाचा हप्ता जातो, म्हणून दागिना आता फक्त दागिना असू शकतो. त्यामुळे चौदा कॅरेट चालतं. हे आधी घडायला हवं होतं. लोकांच्या हाती दुसरी भरवशाची ठेव देण्याआधीच असलेली ठेव काढून घ्यायला निघालं, ही १९६३ ची चूक.

नियम मोडणाऱ्याला किती शिक्षा, याचा तक्ता प्रत्येक मसुद्याला जोडलेला असतो. त्याच्या शेजारी दोन रकाने आणखी हवेत: नियम पाळणाऱ्याला तो किती रुपयांना पडेल, आणि मोडणाऱ्याला किती रुपये मिळवून देईल. दुसरा आकडा मोठा निघाला तर शिक्षेची वर्षं कितीही वाढवा, नियम मोडणारे पुरून उरतील, आणि दंड भरायला पाटी लावून बसलेला माणूस तेवढा सापडेल. जानेवारी १९६३ मध्ये हे रकाने भरायला समिती लागली नसती. एक आकडा सरकारच्या स्वतःच्या सुवर्णरोख्यावर छापलेला होता, ५३ रुपये ५८ पैसे. दुसरा झवेरी बाजारात कोणत्याही पेढीवर विचारता आला असता.